पेडल तेवढं तिचंच

"सगळं बदल. इंजिन बदल, गिअरबॉक्स बदल, ब्रेक बदल, पुढचा पत्रा काप. पण रेसच्या पेडलला हात लावायचा नाही," टर्नर म्हणाला.

मेहुण्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि गाडीकडे बघितलं. बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं होतं. आत जिथे इंजिन असतं तिथे आता नुसती पोकळी होती, दाढ काढल्यावर हिरडी दिसते तशी. जुनं इंजिन बाजूला टायरवर ठेवलं होतं. ते इतकं लहान होतं की दोघांनी उचलून सहज बाहेर काढलं होतं. शेजारी साखळीला टांगलेलं नवं इंजिन मात्र त्याच्या दुप्पट दिसत होतं आणि जोर तिप्पट होता. अपघातात मागून चेपलेल्या एका अलीकडच्या गाडीतून मेहुण्याने ते निवडून आणलं होतं.

"भाऊजी, मुंगीच्या छातीत बैलाचं काळीज बसवतोय आपण," मेहुणा म्हणाला. "त्याला त्याच्या मापाच्या शिरा नकोत का? ह्या इंजिनाला केबल लागते. केबलला तिचं स्वतःचं पेडल लागतं. जुनं पेडल काढायचं, नवं लावायचं. सकाळचं काम आहे."

"केबल नको. जुन्या गाडीत सळई आहे, तीच वापर."

"ती सळई ह्या इंजिनापर्यंत पोचत तरी नाही."

"मी करून देतो. लेथ कशाला ठेवलंय मग घरात?"

टर्नरचा सगळा जन्म लेथवर गेला होता, म्हणून सगळे त्याला टर्नरच म्हणत. बायको तेवढी नावाने हाक मारायची. ती गेल्यापासून ते नाव कुणाच्या तोंडी राहिलं नव्हतं. ती नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन औषधं द्यायची, जखमा धुवायची, आणि हे सगळं ती ह्या गाडीतून फिरून करायची. गाडी दोन दारांची, गोल दिव्यांची, दुधाळ हिरव्या रंगाची. मोठ्या गाडीशेजारी उभी केली तर तिचं पिल्लू वाटावी. लग्नाआधीपासून ती गाडी तिचीच होती. टर्नर नंतर आला.

पेडलची गोष्ट अशी होती. बायकोचा घोटा लहानपणी मोडला होता आणि वाकडा सांधला होता. त्यामुळे ती पाय तिरका टेकवायची. वर्षानुवर्षं तसाच पाय टेकवून पेडलचा उजवा कोपरा पार झिजला होता. रबर गेलं होतं, खालचं लोखंड उघडं पडून आरशासारखं चमकत होतं. दुसरा कुणी गाडीत बसला की त्याचा पाय त्यावर नीट बसायचाच नाही. बायकोचे कपडे लेकीने वाटून टाकले होते, चष्मा कुठे गेला ते कळलं नाही, बोटातली अंगठी सुजेमुळे दवाखान्यात कापून काढावी लागली होती. ह्या कोपऱ्यावर मात्र ती अजून होती. टर्नर अधूनमधून दार उघडायचा, खाली वाकायचा आणि अंगठ्याने तो खळगा चाचपून बघायचा. हे त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण मेहुण्याने एकदा बघितलं होतं.

म्हणूनच मेहुणा आता जरा जपून बोलत होता. तरी त्याचा आवाज चढलाच.

"तुम्हाला वाटतं मला कळत नाही? ताई माझीही होती, भाऊजी. तुमच्या आधीपासून."

"मग राहू दे ना ते पेडल."

"ताईसाठी ठेवायला माझी हरकत नाही. गाडी पोरगी चालवणार आहे."

टर्नर कोपऱ्यात वाकला. तो लेथवर बसवायला सळईचा तुकडा शोधत होता.

लेकीला डोंगरापलीकडच्या गावात दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. तिथे जायला एकच रस्ता, तो घाटाचा. जुन्या इंजिनाने गाडी अर्ध्यातच धापा टाकायची आणि उकळायची. लेकीने नवी गाडी घेतली असती तर सगळेच प्रश्न मिटले असते, पण ती म्हणाली, आईचीच गाडी नेणार. आठवड्याला येऊन जाऊन राहीन, तुम्हाला एकटं सोडणार नाही. मग इंजिन बदलायचं मेहुण्याने सुचवलं. टर्नर आधी नाहीच म्हणाला. नंतर त्याला वाटलं की लेक दुसरी गाडी घेईल, ही दारात गंजत उभी राहील, आणि एक दिवस भंगारवाला तिला विचारायला येईल. मग तो हो म्हणाला. अट एकच घातली, पेडलची.

मेहुण्याने शेवटी हात झटकले. "करा तुमच्या मनासारखं. पण एक सांगून ठेवतो, हे मला पटलेलं नाही."

"तुला काय पटतं? लग्नही पटलं नव्हतं माझं."

"ते अजूनही पटलेलं नाही," मेहुणा म्हणाला. दोघांनाही हसू आलं. विषय तिथेच राहिला, आणि राहायला नको होता.

काम चांगलं झालं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. मेहुण्याने पुढची चौकट कापून रुंद केली, जाड पत्र्याची पाळी जोडली, इंजिन बसवलं. इंजिन ज्यांच्यावर बसतं ती रबरं त्याने नव्या गाडीचीच, जाड आणि मऊ घातली, म्हणजे धक्के आत येऊ नयेत. पुढचे ब्रेक त्याच गाडीचे, मोठे. टर्नरने चाकांचे दांडे कातून मापात आणले. आणि मग सळई. पायाखालच्या पेडलपासून निघून, मधल्या पत्र्यातून आरपार जाऊन, इंजिनावरच्या हवेच्या झडपेपर्यंत. पेडल दाबलं की सळई पुढे सरकणार, झडप उघडणार, इंजिन जोर धरणार. सोडलं की स्प्रिंग तिला मागे ओढणार. दोन्ही टोकांना त्याने कातीव गोळे बसवले, ते फिरायला वाट्या बसवल्या. कुठे केसाएवढीही ढिलाई ठेवली नाही. त्याचा हात फिरला की ढिलाई राहायचीच नाही, त्याची ख्यातीच तशी होती.

मेहुण्याने टोक धरून हलवून बघितलं. "दागिना केलाय तुम्ही."

टर्नरला बरं वाटलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याने काहीतरी नीट केलं होतं.

सपाट रस्त्यावर गाडी नेऊन बघितली. टर्नरने चालवली, मग मेहुण्याने, मग लेकीने. लेक तर खिदळायलाच लागली. "बाबा, ही गाडी आहे की गोफण?" कुठे खडखड नाही, गळती नाही, ब्रेक पाय लावताच धरत होते. लेकीचा पाय पेडलवर नीट बसत नव्हता. तिने तक्रार केली नाही, चप्पल बदलून बूट घातले.

मेहुणा मात्र समाधानी नव्हता. "सपाटीवर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात. सामान भरून एकदा घाट चढवून बघू. मग जा म्हणावं."

म्हणून रविवारी सकाळी निघाले. लेकीचं सामान मागच्या सीटवर आणि टपावर: गादी, पुस्तकांची खोकी, मिक्सर, एक घडीचं टेबल. सोमवारी ती जायचीच होती, त्यामुळे आजची फेरी सामानासकट. लेक स्टेअरिंगवर, शेजारी टर्नर. मागून मेहुणा त्याच्या पिकअपमध्ये, दोर आणि हत्यारं घेऊन.

"मामा मागे कशाला येतोय? वरात आहे का?" लेक म्हणाली.

"येऊ दे. त्याला काळजी वाटते."

"आणि तुम्हाला?"

"मी केलंय म्हटल्यावर मला कसली काळजी?"

चढ सुरू झाला तशी गाडीने मान खाली घातली आणि ओढायला लागली. आधी ह्याच चढाला ती पहिल्या गिअरमध्ये रांगायची, मागच्या गाड्या हॉर्न वाजवून शिव्या घालत पुढे जायच्या. आता लेकीने एका कारला मागे टाकलं, तेही तिसऱ्या गिअरमध्ये. त्या कारवाल्याने मान वळवून बघितलं. लेकीने त्याला हात केला.

"हात स्टेअरिंगवर ठेव."

"ठेवलाय हो. तुम्ही अगदी आईसारखं—" ती थांबली. मग म्हणाली, "आईला आवडलं असतं."

टर्नर खिडकीबाहेर बघायला लागला. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला बुटकी दगडी भिंत, आणि तिच्यापलीकडे झाडांचे शेंडे. भिंत काही ठिकाणी ढासळलेली होती.

पहिल्या वळणाला लेकीने पाय उचलला. इंजिनाचा आवाज खाली आला. पण लगेच आला नाही. मधे एक क्षण तो तसाच वर राहिला, आणि मग उतरला.

टर्नरच्या कानाला ते खटकलं. आयुष्यभर त्याने यंत्रं कानाने चालवली होती. बेअरिंग कधी जाणार, हत्यार कधी बोथट झालं, हे त्याला बघावं लागत नसे.

"पाय लगेच उचललास ना?" त्याने विचारलं.

"हो. का?"

"काही नाही."

पुढचा चढ जास्त उभा होता. लेकीने जोर दिला, गाडीने घेतला. मग ती म्हणाली, "बाबा, गंमत आहे. मी एवढं दाबलं नाहीये, तरी ही जास्तच ओढतेय."

"जोराचं इंजिन आहे. सवय होईल."

हे बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर बॉनेटखालचं चित्र आलं. इंजिन मऊ रबरांवर बसलंय. चढाला जोर लावताना इंजिन जागच्या जागी मागे कलतं. जुनं बारकं इंजिन कलत नव्हतं, त्याच्या अंगात तेवढी ताकदच नव्हती. हे कलतं. आणि मागे काय आहे? त्याने केलेली सळई. ताठ, लोखंडी, कुठेही ढिलाई नसलेली. इंजिन मागे कलतं ते थेट सळईच्या टोकावर येऊन टेकतं. म्हणजे सळई झडप आणखी उघडते. झडप उघडली की इंजिन आणखी जोर करतं, आणखी कलतं, आणि सळईचं टोक वाटीत आणखी आवळून बसतं. पाय उचलला तरी काय फायदा? इंजिन ओढतंय तोवर सळई सुटणार नाही. केबल असती तर ती वाकली असती, इंजिनाबरोबर हलली असती. मेहुणा केबल म्हणत होता.

दुसरं वळण आलं. लेकीने पाय उचलला. आवाज वरच राहिला, मघापेक्षा जास्त वेळ. तिने ब्रेकला पाय लावला, गाडीने आचका दिला, आणि आवाज उतरला.

आता त्याला शंका उरली नव्हती. 'थांबव,' एवढा एक शब्द म्हणायचा होता. पुढे रस्त्याकडेला गाडी घ्यायला जागा होती, त्याला दिसत होती. खडी टाकलेली मोकळी जागा, एक दगडी बाक.

त्याने तो शब्द तोंडात घेतला आणि गिळला.

थांबलं की मेहुणा उतरून येणार. बॉनेट उघडणार. कपाळाला हात लावणार आणि म्हणणार, केबल. केबल म्हणजे नवं पेडल. नवं पेडल म्हणजे जुनं कापून काढायचं. आज दुपारपर्यंत तो कोपरा भंगाराच्या डब्यात, कारण गाडीतून सुटलेल्या पेडलात ती उरणार नव्हती. त्याला वाटलं, आता एकच वळण राहिलंय. त्यापुढे खिंड, आणि मग उतारच उतार. उताराला इंजिन ओढत नाही, काही होणार नाही. परत आल्यावर मी गुपचूप सळईला थोडी ढिलाई देईन. कुणाला कळायचं नाही. पेडल राहील.

खडीची जागा मागे गेली. दगडी बाक मागे गेला.

"बाबा, तुम्ही गप्प का झालात?"

"सावकाश चालव," तो म्हणाला. "ह्या वळणाला आधीच पाय उचल."

लेकीने उचलला. वळणाच्या बऱ्याच आधी उचलला, बापाने सांगितलं तसा. आणि गाडी पुढेच जात राहिली.

"बाबा?"

आवाज चढत होता. चढावर गाडी वेग घेत होती, जसं कुणी मागून ढकलतंय. लेकीने ब्रेकवर पाय दिला. नाक खाली दबलं, इंजिन गुरगुरलं, गाडी जराशी अडली आणि पुन्हा ओढायला लागली. तिने आणखी जोरात दाबला. दोन्ही पायांनी दाबला. ब्रेक जेवढा अडवत होता तेवढं इंजिन जास्त जोर करत होतं, आणि जेवढा जोर करत होतं तेवढी सळई आवळत होती. जळक्या रबराचा वास आत आला.

"बाबा, ही थांबत नाहीये! माझा पाय पेडलवर नाहीये, बघा, पाय नाहीये!"

वळणाच्या तोंडाला वरून एक मालवाहू ट्रक उतरत होता. चालकाने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. रस्ता दोघांना पुरेल एवढा नव्हता. डावीकडे भिंत होती आणि नेमकी तिथेच ती ढासळलेली होती.

"क्लच!" टर्नर ओरडला. "क्लच दाब! क्लच!"

"ब्रेक दाबलाय मी!"

"ब्रेक नाही! डावा पाय! क्लच दाब, पोरी, क्लच!"

तिचा डावा पाय ब्रेकवरच अडकला होता. त्याने वाकून तिच्या गुडघ्याला धक्का मारला. पाय निसटला, खाली चाचपडला आणि क्लचवर आदळला.

इंजिन चाकांपासून सुटलं. एक क्षण ते असं किंचाळलं की टर्नरला वाटलं आता फुटणार. मग ओढायला काही उरलं नाही म्हणून ते आपल्या जागी परत बसलं, सळई सुटली, आणि आवाज धपकन खाली आला. लेकीचा उजवा पाय ब्रेकवर होताच. चाकं घासत गेली. ट्रक बाजूने गेला, इतक्या जवळून की त्याच्या चाकांवरचे नट टर्नरला वेगवेगळे दिसले. गाडी तिरकी होऊन थांबली. पुढचं डावं चाक भिंतीच्या पडलेल्या दगडांवर चढलं होतं. टपावरचं टेबल सुटून पुढे आलं होतं आणि काचेवर लोंबत होतं.

लेकीने हँडब्रेक ओढला आणि चावी फिरवली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. ती त्यांच्याकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"लागलं का?" टर्नरने विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

मेहुणा पिकअप सोडून धावतच आला. आधी त्याने भाचीचं दार उघडलं, तिला खांद्याला धरून बाहेर काढलं, डोंगराच्या बाजूला नेऊन बसवलं, पाणी दिलं. मग चाकांमागे दगड लावले. मग त्याने बॉनेट उघडलं, इंजिन हाताने मागे ढकलून बघितलं, रबरांकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "रबरं फार मऊ घातली मी. इंजिन हलतंय केवढं. एवढं हललं की काहीतरी अडकणारच. भाऊजी, माझीच चूक. पोरीला आज काही झालं असतं तर ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

टर्नर उभा होता. काही बोलला नसता तरी चाललं असतं. मेहुण्याने स्वतःहून दोष अंगावर घेतला होता. कडक रबरं घातली असती तर आजच्यापुरतं निभावलंही असतं, आणि पेडल राहिलं असतं. लेक पाण्याची बाटली हातात घेऊन दोघांकडे बघत होती.

"रबरांचं काही नाही," टर्नर म्हणाला. "रबरं बरोबर आहेत. इंजिन हलायलाच पाहिजे. सळई हलत नाही. इंजिन मागे येतं आणि सळईवर अडकतं. तू केबल म्हणत होतास."

मेहुण्याने सळईला हात लावला. मग हळूच म्हणाला, "हो."

"आणि मला ते मागच्या वळणालाच कळलं होतं."

घाटात वारा होता. कुठेतरी खाली तोच ट्रक गिअर बदलत चालला होता. लेक उठून उभी राहिली.

"काय कळलं होतं?"

"की ती अडकतेय. आवाजावरून."

"मागच्या वळणाला? तो बाक होता तिथे?"

"हो."

"मग थांबव का नाही म्हणालात?"

मघाशी टर्नरच्या मनात सगळं कसं बरोबर जुळलं होतं, उतार, ढिलाई, गुपचूप. आता त्यातलं एकही वाक्य तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

"पेडल कापावं लागलं असतं," तो म्हणाला.

लेक ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "गाडीत मी होते."

मग ती पिकअपकडे गेली, पुढच्या सीटवर बसली आणि दार लावून घेतलं.

गाडी दोराने बांधून, पिकअप पुढे ठेवून खाली न्यायची होती. दोरावरच्या गाडीत कुणीतरी बसून ब्रेक धरायला लागतं. टर्नर बसला. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, सगळ्या उतारावर त्याला अंगाचा जोर देऊन तो दाबून धरावा लागला. शेजारीच ते पेडल होतं. त्याने तिकडे पाय जाऊ दिला नाही. पिकअपच्या मागच्या काचेतून त्याला लेकीचं डोकं दिसत होतं. ते एकदाही मागे वळलं नाही.

गॅरेजमध्ये आल्यावर लेक मागच्या खोलीत जाऊन बसली. मेहुण्याने ग्राइंडर काढला, वायर सोडवली, आणि गाडीच्या दारात येऊन अवघडून उभा राहिला.

"मी कापतो," तो म्हणाला. "तुम्ही जरा बाहेर चक्कर मारून या."

"दे इकडे."

"भाऊजी, कशाला उगाच."

"दे म्हणतो ना."

टर्नर दारातून आत आडवा झाला. मान स्टेअरिंगखाली, पाठ उंबऱ्याच्या पट्टीवर. ह्या जागेत आडवं व्हायला त्याचं वय राहिलं नव्हतं. त्याने सवयीने अंगठा पुढे नेला आणि मग मागे घेतला. चष्मा सारखा केला, ग्राइंडर चालू केला. ठिणग्या त्याच्या बाहीवर, छातीवर उडाल्या. जुनं लोखंड कडक होतं, पटकन सुटलं नाही. मधे त्याला थांबावं लागलं, कारण चष्म्याच्या आतून दिसेनासं झालं होतं.

"धूर फार होतोय का?" मेहुण्याने बाहेरून विचारलं.

"होतोय," टर्नर म्हणाला.

पेडल सुटून खाली पडलं. त्याने ते उचललं, गरम होतं, दुसऱ्या हातात घेतलं, आणि बाहेर सरकवलं. मेहुण्याने ते घेतलं. थोडा वेळ नुसतं हातात धरलं. मग भंगाराच्या डब्यात ते टाकायला तो गेला आणि डब्यापाशीच उभा राहिला, पाठ करून. त्याचे खांदे हलत होते. टर्नरने ते बघितलं आणि पुन्हा स्टेअरिंगखाली तोंड घातलं. कडा घासून गुळगुळीत करायच्या होत्या.

दुपारी केबल बसली, नवं पेडल बसलं. मेहुण्याने सळई काढून टाकली आणि पत्र्यातलं भोक बंद केलं. टर्नरने ती केबल ओढून, सोडून, पुन्हा ओढून बघितली. इंजिन हाताने ढकलून ढकलून, कलवून बघितलं. त्याचं समाधान होईना. शेवटी मेहुणा म्हणाला, "आता सोडा तिला. तुम्ही बघून बघून तोडाल."

ऊन कलायच्या आत पुन्हा घाट गाठायचा ठरलं. सामान तेवढंच ठेवलं, कारण वजन तेवढंच हवं होतं. लेक खोलीतून आली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि स्टेअरिंगवर बसली. टर्नर सवयीने दुसऱ्या दाराकडे गेला.

"मामा, तू बस शेजारी," लेक म्हणाली.

टर्नरचा हात दाराच्या मुठीवर होता. त्याने तो काढला. मेहुणा दोघांकडे बघत घुटमळला.

"बस," टर्नर म्हणाला. "मी पिकअप आणतो."

चढ सुरू होतो तिथे त्याने पिकअप बाजूला घेतली. त्याला मागोमाग जायचं होतं, पण लेकीने खिडकीतून हात बाहेर काढून खूण केली, इथेच थांबा. तो उतरला आणि रस्त्याकडेला उभा राहिला. गाडी चढाला लागली. थोड्याच वेळात डोंगराआड गेली आणि मग नुसता आवाज उरला.

तो आवाजावर कान लावून उभा राहिला. इंजिन भरून ओढत होतं. पहिलं वळण जवळ आलं असावं, आणि आवाज खाली आला. झटकन, मधे काही न राहता. पुन्हा वर. मागून एक कार आली, तिच्या आवाजात सगळं बुडालं, आणि त्याने त्या कारवाल्याला मनातल्या मनात शिवी दिली. कार गेली. इंजिन पुन्हा ऐकू आलं, बारीक, उंचावरून. दुसरं वळण. आवाज खाली आला, लगेच. मग शेवटचा चढ. तिथे ती भरपूर रेस देणार, द्यावीच लागते. आवाज वाढत गेला, वाढत गेला. टर्नरने पिकअपच्या पत्र्यावर हात टेकवला. त्या वळणाच्या आधी ती पाय उचलेल. आता उचलेल.

आवाज खाली आला.

मग काहीच ऐकू येईना. खिंडीपलीकडे गेली असणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. एक ट्रक उतरून आला. त्याच्या चालकाच्या तोंडाकडे टर्नर निरखून बघत राहिला, वर काही झालं असेल तर ह्याच्या तोंडावर दिसेल म्हणून. चालक जांभई देत होता.

बऱ्याच वेळाने हिरवं नाक वळणातून बाहेर आलं. गाडी हळू उतरत होती. ती पिकअपशेजारी येऊन थांबली. लेकीने काच खाली केली.

"पाय उचलला की थांबते," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"उद्या निघते मग."

"बरं."

मेहुणा दार उघडून उतरायला लागला, टर्नरला जागा द्यायला. लेकीने त्याच्या दंडावर हात ठेवून त्याला बसवलं.

"मामाला पुढे राहू दे, बाबा. पिकअप नंतर नेऊ. तुम्ही मागे बसा."

मागे गादी होती, खोकी होती, मिक्सर होता. मेहुण्याने उतरून सीट पुढे वाकवली आणि टर्नर घडी होऊन आत शिरला. गुडघे हनुवटीला लागले, मिक्सर मांडीवर घ्यावा लागला. तिथून पेडल दिसत नव्हतं, रस्ताही धड दिसत नव्हता. समोर लेकीची मान होती आणि आरशात तिचे डोळे, रस्त्यावर लावलेले.

"नीट बसलात ना?" तिने न वळता विचारलं.

"बसलो," तो म्हणाला. "चल."